नाव मागच्या पानावर असतं

तुझं लांबलचक पत्र वाचलं. ते यायच्या आधीच मावशीचा फोन येऊन गेला होता, हेही सांगून टाकते. "विशारद झाली, एवढी वर्षं बाईंकडे शिकली, आणि आता म्हणते मला गायचं नाही, रेकॉर्ड कंपनीत काम करायचंय. तेही जर्मनीत!" मावशीचा सूर तुला माहीत आहेच. मी म्हटलं, "मावशी, गाणं सोडणारी मुलगी बँकेच्या परीक्षा देते. ही तर गाण्याच्या आणखी जवळ जायला निघालीय." मग तिनं विषय बदलून लिंबाच्या लोणच्याचं विचारलं, म्हणजे राग उतरला असावा.

आता तुझ्याशी मोकळेपणानं बोलते. तू विचारलंयस, प्रसिद्धीचं काम मिळालं तर घेऊ, की थेट निर्मितीचीच वाट बघू? तुझ्या प्रश्नात प्रसिद्धी म्हणजे खालची पायरी आणि निर्मिती म्हणजे वरची, असं धरून चाललेलं दिसतं. ते आधी मनातून काढ. मी बर्लिनमध्ये दोन्ही कामं केलीत, आधी एका छोट्या लेबलच्या प्रेस विभागात आणि मग रेकॉर्डिंगच्या बाजूला. दोन्हीकडे आपल्यापाशी एकच भांडवल असतं, आपल्या शब्दावरचा लोकांचा विश्वास. समीक्षकाला तू "ही रेकॉर्ड ऐकाच" म्हणालीस आणि त्यानं खरंच ऐकली, तर ती याआधी तू सांगितलेलं खरं निघालं म्हणून. पियानोवादकाला तू "ही ओळ पुन्हा घेऊया" म्हणालीस आणि त्यानं कुरकुर न करता घेतली, तीही त्याच कारणानं. भाषा, सॉफ्टवेअर, ओळखीपाळखी हे सगळं हळूहळू जमतं. शब्दाची पत मात्र एकदा गेली की गेली.

तुला एका बाईबद्दल सांगते. तिचं नाव इथल्याही साध्या श्रोत्याला माहीत नसतं. हर्बर्ट फॉन कारायाननं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर १९६१-६२ मध्ये बेथोवनच्या नऊही सिम्फनी ध्वनिमुद्रित केल्या. डॉइचे ग्रामोफोनचा तो संच १९६३ मध्ये आला आणि जगभर गाजला. पुढे त्याच्या सीडी निघाल्या. त्यांच्या पुस्तिकेत मागच्या पानावर, बारीक अक्षरात, निर्मितीच्या रकान्यात एक नाव असतं: प्रा. एल्झा शिलर. १८९७ मध्ये व्हिएन्नात जन्म, बुडापेस्टला पियानोचं शिक्षण, मग बर्लिनमध्ये वादन आणि अध्यापन. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत काम गेलं आणि शेवटी थेरेसिएनश्टाटच्या छावणीत जावं लागलं. तिथून ती जिवंत परतली, आणि परतली ती बर्लिनलाच. युद्धानंतर अमेरिकन क्षेत्रातल्या रियास रेडिओवर ती संगीत विभागाची प्रमुख झाली. फेरेन्त्स फ्रिचाय हा तरुण हंगेरियन कंडक्टर रियासच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला तो याच काळात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती डॉइचे ग्रामोफोनमध्ये आली. कोणी काय वाजवायचं, कोणाशी करार करायचा, यादीत कुठे भोक आहे आणि ते कोणत्या कलावंतानं बुजवायचं, हे ठरवणं तिचं काम होतं. कारायान १९५९ मध्ये या कंपनीकडे परतला त्यातही तिचा हात होता.

हे तुला का सांगतेय? पन्नाशी ओलांडलेली बाई, नात्यागोत्याचं बळ नाही, आणि सगळीकडे पुरुषांचा वरचष्मा. अशा ठिकाणी तिचा शब्द चालला, कारण ती स्वतः उत्तम वाजवणारी होती. स्कोअर तिच्या डोळ्यांखालून गेलेला असायचा. तिच्यासमोर मोठमोठ्या कंडक्टरांनाही थाप मारून निसटता येत नव्हतं. तुझी विशारद, तुझी तालीम वाया गेली असं मावशीला वाटतंय ना? तिला सांग, या धंद्यात शिकलेला कान हीच पहिली पात्रता आहे. रियाज थांबवू नकोस. स्टेजवर गाऊ नकोस हवं तर, पण रोज सकाळी तानपुरा लावून बसायचं.

निर्मिती म्हणजे नेमकं काय, ते बाहेरून कळत नाही. कलावंत हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये. हो, चर्चमध्ये. बर्लिनच्या डालेम भागातलं येशू ख्रिस्ताचं चर्च रेकॉर्डिंगसाठी जगात नावाजलेलं आहे आणि कारायानचा तो बेथोवनचा संचही तिथेच झाला. तू शेजारच्या खोलीत बसायचंस, समोर दोन स्पीकर, पुढ्यात स्कोअर, हातात पेन्सिल. प्रत्येक टेकला क्रमांक. या टेकमध्ये पहिलं पान सुरेख, पुढे डावा हात घाईत. पुढच्यात तीच जागा बरोबर, पण खुर्ची करकरली. त्याच्या पुढच्यात वरून विमान गेलं. दोन-तीन दिवसांनी स्कोअर खुणांनी भरून जातो आणि त्या खुणांवरूनच संपादनाचा आराखडा तयार होतो. ऐकणाऱ्याला जे एका दमात वाजवल्यासारखं वाटतं, ते कितीतरी टेकमधून उचलून सांधलेलं असतं.

पण खरं काम दोन टेकच्या मधल्या मिनिटात असतं. बटण दाबून तू काय बोलतेस, केव्हा बोलतेस आणि किती बोलतेस, यावर पुढचा टेक ठरतो. थकलेल्या गायिकेला "स्वर थोडा उतरतोय" असं सांगायचं की "दहा मिनिटं थांबूया, पाणी घ्या" म्हणायचं, हे पुस्तकात मिळत नाही. गोड बोलून वेळ मारून नेलीस तर ती रात्री घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकते आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यावरचा तिचा भरवसा उडालेला असतो. फटकन बोललीस तर आवाजच आखडतो. आपल्या बाईंचं आठव. चुकल्यावर त्या नुसती ती जागा पुन्हा गाऊन दाखवायच्या आणि थांबायच्या. तसं थोडकं, नेमकं आणि खरं बोलायला शीक.

हे काम आपल्याकडच्या माणसांनी केलेलंच नाही असं समजू नकोस. मद्रासमध्ये जन्मलेले सुवी राज ग्रब लंडनला गेले, ईएमआयमध्ये वॉल्टर लेग या दरारा असलेल्या निर्मात्याचे सहायक झाले आणि पुढे ओटो क्लेम्पररपासून डॅनियल बारेनबॉइम आणि इत्झाक पर्लमनपर्यंत अनेकांच्या रेकॉर्डिंगचे निर्माते म्हणून नावारूपाला आले. निवृत्तीनंतर ते पुण्यात येऊन राहिले आणि १९९९ मध्ये तिथेच वारले. त्यांचं 'म्युझिक मेकर्स ऑन रेकॉर्ड' हे आत्मकथन मिळव आणि वाच. आणि घरचं उदाहरण म्हणजे जी. एन. जोशी. स्वतः भावगीत गाणारा हा माणूस एचएमव्हीत गेला आणि त्यांच्यामुळे किती गवई मायक्रोफोनपुढे बसले! १९६७ चं 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांच्याच निर्मितीतलं. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार घेऊन काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस रागांच्या वेळांप्रमाणे उभा करायचा, ही कल्पनाच त्या रेकॉर्डची निम्मी कमाई आहे. निर्माता कल्पना आणतो, माणसं जुळवतो आणि मग बाजूला होतो.

आता प्रसिद्धीकडे येऊ. प्रसिद्धी म्हणजे फुगे फुगवणं, असा आपल्याकडे समज आहे. इथल्या शास्त्रीय संगीताच्या जगात फुगवणारी मुलगी दोन हंगामांत ओळखली जाते, कारण समीक्षक मोजके, रेडिओवरचे संपादक मोजके, आणि ते सगळे एकमेकांना ओळखतात. कामाची रीत साधारण अशी. २०१५ पासून जगभर नवीन रेकॉर्ड शुक्रवारी बाहेर पडतात. मासिकांचे अंक आधी बांधले जातात, म्हणून 'फोनो फोरम'सारख्या मासिकांना सुमारे तीन महिने आधी ध्वनिमुद्रण पोचवावं लागतं. रेडिओला काही आठवडे आधी, दैनिकांना त्याच सुमाराला. कलावंताचा दौरा त्या तारखेच्या आसपास असेल तर सोन्याहून पिवळं, कारण लोक मैफल ऐकून बाहेर येतात आणि तिथेच सीडी घेतात. नाताळच्या आधीचे आठवडे फार गर्दीचे. नवख्या कलावंताला त्यात ढकललंस तर तो बुडालाच म्हणून समज.

या सगळ्यापेक्षा अवघड असतं ते एक पान लिहिणं. बेथोवनच्या त्याच सोनाटांची डझनावारी ध्वनिमुद्रणं बाजारात असताना हे आणखी एक का ऐकावं, ते एका पानात सांगायचं. कोण वाजवतंय, कुठे मुद्रित झालं, कोणता पियानो, कोणत्या आवृत्तीवरून, आणि ऐकताना कान कुठे टवकारायचा. विशेषणं सगळी छाटून टाक. "अद्वितीय", "मंत्रमुग्ध करणारं" हे शब्द वाचले की संपादक पान उलटतो. आणि रेकॉर्ड मनाला पटली नसेल तर? तसं होणारच, कारण पगार देणारा तुझ्या आवडीनं रेकॉर्ड काढत नाही. अशा वेळी तिच्यातली एक खरी चांगली गोष्ट शोधून काढ. एखादी दुर्लक्षित रचना असेल, एखादं जुनं वाद्य असेल, दुसऱ्या भागातली दोन मिनिटं असतील. तेवढंच लिही आणि थांब. खोटं एक अक्षर न लिहिता कोणतीही रेकॉर्ड लोकांपुढे मांडता येते, हे मी अनुभवानं सांगते.

परीक्षण वाईट आलं तर कलावंताला ते दुसरीकडून कळायच्या आधी तू फोन कर. समीक्षकाला जाब विचारायला कधीही जाऊ नकोस. पुरस्कारांचं गणितही समजून घे. जर्मन रेकॉर्ड समीक्षकांचा पुरस्कार १९६३ पासूनचा आहे. त्यात समीक्षक स्वतःच निवड करतात आणि दर तिमाहीला उत्तम रेकॉर्डची यादी काढतात. तिथे अर्ज-विनंती चालत नाही, आपलं काम एवढंच की ध्वनिमुद्रण वेळेवर त्यांच्या हाती पडावं. ओपुस क्लासिक हा पुरस्कार २०१८ चा, पूर्वीचा एको बंद पडल्यावर सुरू झालेला. त्यात लेबलनं स्वतः प्रवेशिका भरायच्या असतात. पहिल्यामुळे जाणकारांत वजन वाढतं, दुसऱ्यामुळे टीव्हीवर दिसता येतं. कलावंताला दोन्हीतला फरक आधीच समजावून सांगितलास तर पुढची रडारड वाचते.

यायचं कसं, हे आता सांगते. ध्वनिमुद्रणाचं रीतसर शिक्षण घ्यायचं तर डेटमोल्ड हे गाव लक्षात ठेव. एरिश टीनहाउस यांनी १९४९ मध्ये तिथे टोनमाइस्टरचं शिक्षण सुरू केलं, जगात पहिल्यांदा. टोनमाइस्टर म्हणजे संगीत आणि ध्वनितंत्र दोन्हींत तयार झालेला माणूस. प्रवेशपरीक्षेत वाद्यवादन, कानाची परीक्षा, आणि गणित-भौतिकशास्त्रसुद्धा. बर्लिनच्या कला विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. पण पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन आणि पियानो पक्का नसेल तर तिथे डोकं आपटू नकोस. हॅम्बुर्गला आणि वायमारला सांस्कृतिक व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि तिथून प्रेस, कार्यक्रम-नियोजन, लेबल अशा वाटा फुटतात. तुझ्यासाठी मला हीच वाट बरी वाटते. पुढे कान तयार ठेवलास तर रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरता येतं. मीही तशीच शिरले.

नोकरीसाठी फक्त पिवळ्या लेबलचा, म्हणजे डॉइचे ग्रामोफोनचा, ध्यास घेऊ नकोस. त्यांचं कार्यालय बर्लिनमध्ये आहे, पण तिथे एका जागेसाठी केवढी रांग असते! म्युनिकचं ईसीएम १९६९ पासून आहे. ओस्नाब्रुकजवळच्या गेओर्गस्मारिएनह्युट्टं या नाव घेताना धाप लागेल अशा गावातून सीपीओ विस्मृतीत गेलेल्या संगीतकारांची कामं बाहेर काढतं. डेटमोल्डलाच एमडीजी आहे. छोट्या लेबलात सगळंच करावं लागतं. सकाळी पाकिटं भरायची, दुपारी पुस्तिकेचे प्रूफ तपासायचे, संध्याकाळी मैफलीला टेबल मांडून बसायचं. शिकायला यासारखी जागा नाही. शिवाय जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सुमारे १३० ऑर्केस्ट्रा आहेत. बहुतेकांना प्रसिद्धी सांभाळणारी माणसं लागतात. रेडिओ केंद्रांचे स्वतःचे ऑर्केस्ट्रा आहेत, ती केंद्रं लेबलांबरोबर रेकॉर्डही काढतात. लहान शहरातल्या ऑर्केस्ट्रात दोन वर्षं काढलेल्या मुलीला बर्लिनमध्ये लवकर दार उघडतं.

जर्मन भाषेचं मात्र टाळाटाळ न करता उरकून घे. "ऑफिसात सगळ्यांना इंग्रजी येतं" हे खरं आहे, आणि जेवणाच्या सुट्टीपुरतंच खरं आहे. प्रसिद्धिपत्रक जर्मनमध्ये, रेडिओच्या संपादकाचा फोन जर्मनमध्ये, करार जर्मनमध्ये. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग आहेत. निघण्यापूर्वी बी-२ पातळीपर्यंत जाऊनच निघ. आणखी एक. इथे बैठकीत तोंडावर "हा मजकूर जमलेला नाही" असं म्हणतात. ते मजकुराबद्दल असतं, तुझ्याबद्दल नसतं, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडू नकोस. उलट आपली "हो हो, बघते" म्हणायची सवय इथे महागात पडते, कारण समोरचा ते वचन समजतो आणि गुरुवारी त्याची वाट बघत बसतो. जमणार नसेल तर लगेच नाही म्हण. पत वाढते, कमी होत नाही.

आता आपल्या संगीताचं. तू इथे परकी पाहुणी नाहीस, हे लक्षात ठेव. एमिल बर्लिनर हा ग्रामोफोनचा जनक मूळचा हॅनोव्हरचा. १८९८ मध्ये त्यानं भाऊ योजेफला बरोबर घेऊन हॅनोव्हरला रेकॉर्ड छापायचा कारखाना काढला, तीच डॉइचे ग्रामोफोन. १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, त्याच्या तबकड्या छापून आल्या त्या हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत आपल्याकडच्या गाण्याला अशी समुद्रयात्रा करावी लागत होती. पुढे १९८१ मध्ये डॉइचे ग्रामोफोननं रविशंकरांच्याही रेकॉर्ड काढल्या. आणि श्टुटगार्टच्या परिसरातून शेफाली नाग यांनी 'छंद धारा' हे लेबल चालवलं. झाकीर हुसेन, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांची ध्वनिमुद्रणं त्यांनी काढली. तू जे करू म्हणतेस ते एका भारतीय बाईनं जर्मनीत बसून करून दाखवलेलं आहे.

तुझ्यापाशी इथल्या टोनमाइस्टरला नसलेलं ज्ञान आहे, ते वापर. ख्याल कापून सांधता येत नाही, हे त्याला आधी सांगावं लागतं. विलंबितात लय कळत नकळत पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या टेकचं आवर्तन तिसऱ्या टेकला जोडलं की समेवर ठेच लागते. मागे तानपुरा सतत चालू, तो मध्येच कापला की कानाला झटका बसतो. म्हणून रागाचे दोन पूर्ण टेक घ्यायचे आणि त्यातला एक निवडायचा, फार तर आलापात एखादी दुरुस्ती. चर्चमधली गुंज पियानोला शोभते, पण द्रुत लयीतल्या तबल्याचा त्यात चिखल होतो, म्हणून जागा वेगळी शोधायची किंवा माइक जवळ घ्यायचे. इथले पियानो बहुधा ४४२ हर्ट्झवर लावलेले असतात आणि आपल्या पेट्या साधारण ४४० वर, तेव्हा जुगलबंदीची हौस असेल तर हे आधी तपास. आणि स्ट्रीमिंगसाठी माहिती भरताना डोळ्यांत तेल घाल. त्या रकान्यांत संगीतकार, रचना, भाग अशी पाश्चात्त्य मांडणी असते. राग, ताल, बंदिशकार आणि साथीदार त्यात हमखास हरवतात. तबलजीचं आणि पेटीवाल्याचं नाव राहणार की जाणार, हे तुझ्या हातात असतं.

पण एक धोका आहे. बैठकीत तुला फक्त "भारतीय" विषय निघाल्यावरच विचारलं जायला लागलं, की समज आपल्याला कोपऱ्यात बसवलंय. ब्राम्सबद्दलही बोल. शूबर्टच्या गाण्यांबद्दल तुझं मत असू दे, आणि ते स्कोअर उघडून असू दे.

बाई म्हणून काय, तेही विचारलंयस, जरा आडून विचारलंयस. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री वादक आली १९८२ मध्ये, मॅडलेन कारुझो, व्हायोलिनवर. त्याच सुमाराला क्लॅरिनेटवादक झाबीने मायर हिच्या निवडीवरून कारायान आणि वादक यांच्यात एवढा संघर्ष झाला की शेवटी तीच निघून गेली. आज त्याच संस्थेच्या सर्वोच्च व्यवस्थापकपदी २०१७ पासून आंद्रेया त्सिट्शमान आहेत, आणि २०२३ पासून बर्लिनच्या कोन्त्सर्टहाउस ऑर्केस्ट्राची प्रमुख कंडक्टर योआना मालवित्स आहे. म्हणजे चित्र बदललंय. पण रात्री उशिरापर्यंतची सत्रं, दौरे, मैफलीनंतरचं खाणंपिणं हे तसंच आहे. कलावंताबरोबर हॉटेलच्या खोलीत "मुलाखतीची तयारी" करायला कधी जायचं नाही, लॉबीत बसायचं. कोणी मर्यादा ओलांडली तर तारीख-वेळेसकट लिहून ठेव. अशा तक्रारींसाठी थेमिस नावाचं विश्वासू सल्लाकेंद्र २०१८ पासून बर्लिनमध्ये आहे. सहन करण्याला इथे कोणी समजूतदारपणा म्हणत नाही.

संसाराचंही बोलते, कारण मावशी तुला बोलू देणार नाही. नोकरीत असलीस तर बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे संरक्षित रजा आहे, आणि पुढे मुलाच्या संगोपनासाठी तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते, नोकरी टिकते. स्वतंत्र काम करणाऱ्या बाईला हे आपोआप मिळत नाही. या धंद्यात पुष्कळ जणी स्वतंत्रच काम करतात, म्हणून ही गोष्ट आधी पाहून ठेवायची.

स्वतंत्र काम करायचं तर केएसके या तीन अक्षरांशी मैत्री कर. कलावंत, पत्रकार आणि लेखन-प्रसिद्धीचं काम करणाऱ्यांसाठीचा हा सामाजिक विमा निधी १९८३ पासून आहे. आरोग्य, सेवानिवृत्ती आणि शुश्रूषा विम्याचा निम्मा भार तू उचलायचास, उरलेला निम्मा सरकार आणि अशी कामं करून घेणाऱ्या संस्थांकडून येतो. वर्षाला ३,९०० युरोंहून जास्त कमाई दाखवावी लागते, सुरुवातीच्या तीन वर्षांत सूट असते. पण विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करायला वेगळी परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय पहिलं बिलसुद्धा पाठवू नकोस. उमेदवारीच्या नावाखाली कोणी सहा महिने फुकट राबवायला बघेल. अभ्यासक्रमाचा भाग नसलेली उमेदवारी तीन महिन्यांहून लांबली तर किमान वेतन द्यावंच लागतं, हा २०१५ पासूनचा कायदा आहे. कायदा माहीत असलेल्या मुलीला राबवणं अवघड जातं.

आणि करार. रेकॉर्डिंगच्या बाजूला काम करशील तेव्हा पुस्तिकेत तुझं नाव कुठे आणि कसं छापायचं, हे पहिल्या सत्राआधी लेखी घे. वादक आणि कलात्मक निर्माते यांच्या हक्कांचा पैसा जीव्हीएल ही संस्था वाटते. तिथे नोंदणी कर आणि आपल्या तबलजीलाही करायला लाव. युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनापासून सत्तर वर्षं चालतात. आज लाजून न छापलेलं नाव सत्तर वर्षं तुला सापडणार नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. प्रसिद्धीचं काम मिळत असेल तर डोळे मिटून घे. तीन-चार वर्षं ते खरेपणानं कर. प्रत्येक रेकॉर्ड स्कोअर घेऊन ऐक, संधी मिळेल तेव्हा रेकॉर्डिंगच्या खोलीत मागच्या खुर्चीवर गप्प बसून शीक, आणि ज्यांच्यासाठी लिहितेस त्यांना कधीही न पटलेलं पटलं म्हणून सांगू नकोस. मग निर्मितीचं काम तुला मागावं लागणार नाही. कोणीतरी कलावंत म्हणेल, या मुलीला आत बसवा, ती खरं सांगते. एल्झा शिलरच्या वाट्याला छावणी आली, तुझ्या वाट्याला फार तर बी-२ ची परीक्षा आहे. या महिन्यात वर्गाला नाव घाल आणि पावतीचा फोटो मला पाठव. मावशीला मी सांभाळते.